जयरामरावांचं राहिलेलं रेकॉर्ड

दहाव्याला कावळा शिवेना.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली पिंड मांडून बराच वेळ झाला होता. भटजी मधूनमधून घड्याळ बघत होते. कावळे नव्हते असं नाही. पलीकडे बांबूंवर बोंबील सुकत घातले होते आणि तालुक्यातले निम्मे कावळे तिथेच वस्तीला आल्यासारखे बसले होते. पण जयराम राऊतांच्या पिंडाकडे त्यांतला एकही मान वळवून बघत नव्हता.

"बोंबील सोडून भात कोण खाईल?" संकेत हळूच म्हणाला. तो जयरामरावांचा एकुलता एक मुलगा. सकाळपासून उपाशी होता आणि वाळू त्याच्या तळपायांना भाजत होती.

"गप रं!" भागूआत्या खेकसली. "भुकेचा नसतो तो प्रश्न. इच्छेचा असतो. त्याची कायतरी इच्छा राह्यलीय."

भागूबाई ही जयरामरावांची थोरली बहीण. आगाशीजवळच्या वाडीत राहायची. आसपास कुठेही मयत झाली की ती सगळ्यांत आधी पोचायची आणि सगळ्यांत शेवटी निघायची, त्यामुळे या विषयात तिच्यापुढे भटजीही बोलत नसत.

मग आश्वासनं सुरू झाली. संकेतने हात जोडून सांगितलं की आईला सांभाळीन. कावळे हलले नाहीत. ज्ञानदाने, म्हणजे संकेतच्या बायकोने, सांगितलं की आईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीआधी करून घेऊ. एक कावळा उडाला, पण तो दुसऱ्या बांबूवर बसायला. जयरामरावांची बायको मनोरमाबाई पुढे झाल्या, पिंडांकडे बघत राहिल्या आणि कुठलंच आश्वासन न देता मागे सरल्या.

"अरे, त्याचं रेकाड!" भागूआत्या एकदम ओरडली. "त्याचं ते फटफटीचं रेकाड राह्यलं ना! बोल संकेत, मी करीन म्हनून बोल!"

"मी?"

"मग कोन, भटजी?"

भटजींनी घाईने नकाराची मान हलवली. संकेतने आकाशाकडे पाहिलं, तळपायाकडे पाहिलं, आणि पुटपुटला, "बरं. करतो."

सुरूच्या शेंड्यावरून एक कावळा सरळ खाली आला आणि मधल्या पिंडावर चोच मारून गेला.

"बघ!" भागूआत्याचे डोळे भरून आले. "ऐकत होता."

सगळे जेवायला उठले. एकट्या संकेतची भूक मेली होती.

जयरामरावांचं हे रेकॉर्ड म्हणजे काय, ते आधी समजून घेतलं पाहिजे. जयरामराव पाणीखात्यात व्हॉल्व्ह उघडायचं आणि बंद करायचं काम करत. मोठा व्हॉल्व्ह फार सावकाश फिरवावा लागतो, नाहीतर पाइप फुटतो. आयुष्यभर असं सावकाश काम करणाऱ्या या माणसाला तरुणपणी कधीतरी वेगाचं वेड लागलं. मोटारसायकल जमिनीवर सर्वांत जास्त वेगाने पळवायची, आणि तीसुद्धा छोट्यातल्या छोट्या इंजिनाची, म्हणजे मोपेडला असतं तेवढ्याच इंजिनाची. पुण्याच्या हौशी लोकांचं एक मंडळ अशा विक्रमांची नोंद ठेवत असे. परवानगी काढून, दोर्‍या बांधून, यंत्रं मांडून ते दर उन्हाळ्यात ओहोटीच्या वेळी अर्नाळ्याच्या अलीकडच्या पुळणीवर एक दिवस येत. जयरामरावांचं नाव त्यात दर वर्षी असायचं. दर वर्षी ऐनवेळी गाडीत काहीतरी निघायचं आणि त्यांचं रेकॉर्ड पुढच्या वर्षावर जायचं. शेवटी त्यांना माणिकपूरला रिक्षाच्या रांगेत उभे असताना छातीत कळ आली. जगातला वेग जिंकायला निघालेला माणूस रांगेत उभा राहून गेला, आणि तेही रांग हलत नसताना.

आपल्या मुलाबद्दल जयरामरावांचं मत फारसं चांगलं नव्हतं. संकेत लहानपणी जत्रेतल्या लाकडी घोड्यावरसुद्धा रडला होता. आता चाळिशीला आला तरी त्याने कधी दुचाकी चालवली नव्हती. रस्ता ओलांडताना तो हात वर करायचा, समोरून काही येत नसलं तरी. "हा माझ्यावर गेलेला नाही," असं जयरामराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आणि संकेत ते आतल्या खोलीतून ऐकत असे.

त्यामुळे पहिले काही दिवस संकेतने पळवाट शोधली.

"करतो म्हटलं," तो ज्ञानदाला म्हणाला. "कधी करतो ते म्हटलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी माणिकपूरच्या त्यांच्या फ्लॅटच्या गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दांडीवर एक कावळा येऊन बसला. मनोरमाबाईंनी पोळीचा तुकडा ठेवला. त्याने तो खाल्ला नाही. तो संकेतकडे बघत राहिला. तिसऱ्या दिवशीही तेच. संकेतने चहाची खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायला सुरुवात केली.

"कालचाच आहे का हा?" ज्ञानदाने विचारलं.

"मला काय माहीत! सगळे कावळे सारखेच दिसतात."

"हो ना. म्हणजे तोही असू शकतो."

त्याच आठवड्यात गीझर जळला, मनोरमाबाईंचा पाय मुरगळला आणि ऑफिसात संकेतला मिळायची बढती दुसऱ्याला मिळाली. भागूआत्याचा फोन आला. "बाबा, तो लटकलाय रं वरती," ती म्हणाली. "ना इकडचा ना तिकडचा. शब्द दिलास ना? मग प्रान गेला तरी पाळायला पायजे."

"कोणाचा प्राण, आत्या?"

"ते आता तुमी दोगं बघा."

संकेत मुकाट्याने सिप्रियनकाकांकडे गेला.

सिप्रियन हा जयरामरावांचा शाळेपासूनचा मित्र. त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. खिडक्यांच्या जाळ्या, बंगल्यांची गेटं आणि कबरींवरचे लोखंडी क्रूस असं तो सगळं एकाच उत्साहाने बनवायचा. ती गाडी दोघांनी मिळून बनवली होती आणि ती सिप्रियनच्याच वाडीतल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. सिप्रियनने ताडपत्री ओढली. संकेतला वाटलं, समोर कोणीतरी पत्र्याचा मोठा मासा आडवा ठेवलाय. त्याला पुढे एक चाक होतं, मागे एक, आणि मधे पोटावर झोपायला जागा.

"झोपून चालवायची?"

"मग! बसलास की वारा अडतो. आडवं झालं की वारा वरून जातो. माणूस शेवटी आडवाच बरा." सिप्रियनने क्रूसांच्या ढिगाकडे सहज हात केला. "पड बघू आत."

संकेत आत पडायला गेला. त्याची छाती आत गेली. पोट बाहेर राहिलं.

"माप तुझ्या बापाचं आहे," सिप्रियन डोकं खाजवत म्हणाला. "जयराम म्हणजे नुसती काठी. तू... तू आईवर गेलायस."

"मग गाडी थोडी मोठी करा ना."

"पत्रा वाढवला की वजन वाढतं, वजन वाढलं की वेग जातो. गाडी वाढणार नाही. तू कमी हो."

त्या दिवसापासून संकेतने भात, पोळी, पाव आणि साखर सोडली. उकडलेला दुधी खाऊन तो ऑफिसला जायचा. दोन महिन्यांत त्याचे गाल बसले आणि पँट पट्ट्याने बांधून ठेवावी लागली. सोसायटीतल्या बायका मनोरमाबाईंना थांबवून सांगत, "वडिलांचं किती मनाला लावून घेतलंय हो! असा मुलगा मिळायला भाग्य लागतं." ऑफिसातले लोक त्याच्यासमोर डबा उघडायला लाजत. संकेतला खरं सांगायची सोय नव्हती, कारण त्याचं ऑफिस विम्याचं होतं.

आणि त्याचं टेबल मृत्यूच्या दाव्यांचं होतं. कोण कसा मेला आणि त्याच्या घरच्यांना पैसे का देता येत नाहीत, हे ठरवण्यात त्याची पंधरा वर्षं गेली होती.

"एक विचारू?" एका रात्री ताट आवरताना ज्ञानदा म्हणाली. "तुला काही झालं तर आपल्या पॉलिसीत हे बसतं का?"

"शर्यत, पैज, वेगाचा प्रयत्न यातला मृत्यू बसत नाही."

"पण तू काही हौसेने करत नाहीयेस. कावळ्यामुळे करतोयस."

"कावळ्याची तरतूद नाही."

"तुमच्याकडे तो दावा आला तर तो कोण बघणार?"

"माझ्याच टेबलावर येतो."

"मग? पास करशील?"

संकेतने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," तो म्हणाला.

ज्ञानदाने ताट जरा जोरात आपटलं. मनोरमाबाई शेंगा सोलत बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली, दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा शेंगांत डोकं घातलं. नवरा गेल्यापासून त्या फार कमी बोलत होत्या. ते दुःखामुळे, असं सगळे धरून चालले होते.

सरावासाठी सिप्रियनने एक जुनी मोपेड आणून दिली. सोसायटीच्या आवारात संकेत ती चालवू लागला. पहिल्या आठवड्यात तीन चाकांच्या सायकलवरची मुलं त्याला मागे टाकून जात होती. दुसऱ्या आठवड्यात तो त्यांच्या बरोबरीने आला. वॉचमन त्याला गेटातून बाहेर सोडायला तयार नव्हता, म्हणाला, "साहेब, मलाही पोरंबाळं आहेत."

असा तो दिवस उजाडला.

ओहोटीने समुद्र खूप आत गेला होता आणि मागे राहिलेली पुळण ओल्या पाटीसारखी सपाट आणि घट्ट झाली होती. मंडळाचा हर्षवर्धन नावाचा तरुण वेळ मोजायला आला होता. टोपी, शिट्टी आणि हातात बोलायचं यंत्र असं त्याचं साहित्य होतं, आणि नियम तर त्याच्या जिभेवर होते.

"सर, एकदा समजून घ्या," तो संकेतला म्हणाला. "मधल्या दोन लाल झेंड्यांमध्ये आम्ही वेग मोजतो. एकदा इकडून तिकडे जायचं आणि तासाभराच्या आत तिकडून इकडे यायचं. दोन्ही वेगांची सरासरी धरतात."

"एकदाच गेलं तर नाही चालत?"

"नाही सर. जाताना वारा पाठीवर असेल तर तो ढकलतो. म्हणजे रेकॉर्ड तुमचं नाही, वाऱ्याचं. येताना तोच वारा तोंडावर घ्यायचा, म्हणजे फिटंफाट होते."

संकेतला हे पटलं. म्हणजे मरायची संधी दोनदा होती.

"सध्याचं रेकॉर्ड ताशी एकशे चार आहे," हर्षवर्धन म्हणाला. "ऑल द बेस्ट, सर."

रुग्णवाहिका असल्याशिवाय परवानगी नव्हती, म्हणून तीही आली होती. तिचा ड्रायव्हर मनमिळाऊ होता. तो खाली उतरून ज्ञानदाजवळ आला. "ताई, घरच्यांची पसंती कुठल्या हॉस्पिटलची आहे? आधी विचारून ठेवलेलं बरं असतं. नंतर कोणी धड बोलत नाही."

ज्ञानदा धड बोलली नाही. भागूआत्या टोपली घेऊन आली होती आणि तिने ती कोणाला उघडू दिली नव्हती. मनोरमाबाई सुरूखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. सिप्रियनने संकेतला गाडीत आडवं केलं, डोक्यावर हेल्मेट घातलं, कपाळावर, छातीवर आणि दोन्ही खांद्यांना बोट लावून घेतलं आणि म्हणाला, "मूठ पिळ आणि सरळ बघ. बाकी देव बघेल."

संकेतने मूठ पिळली.

त्यानंतर जे झालं त्याला कोणी शौर्य म्हटलं असतं. खरी गोष्ट अशी होती की गाडी जरा वेगात आल्याबरोबर संकेतची भीतीने बोबडी वळली. भ्यालेला माणूस हातात येईल ते घट्ट धरतो. संकेतच्या हातात वेग वाढवायची मूठ होती. जितका तो भ्याला तितकी त्याने ती आवळली, जितकी आवळली तितकी गाडी पळाली, आणि जितकी गाडी पळाली तितका तो आणखी भ्याला. झेंडे कधी गेले ते त्याला कळलंही नाही. पुढे इंजिनानेच दम टाकला तेव्हा गाडी आपोआप थांबली. सिप्रियन मंडळाच्या जीपने मागोमाग आला आणि त्याने एकेक बोट करून संकेतचा हात मोकळा केला.

"किती?" संकेतने विचारलं.

सिप्रियनजवळच्या यंत्रातून हर्षवर्धनचा आवाज आला. तो नियम विसरून ओरडत होता. "एकशे सोळा! सर, एकशे सोळा! परत येताना ब्याण्णवच्या वर गेलात तरी रेकॉर्ड तुमचं!"

संकेत ओल्या वाळूवर बसला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने वडिलांना हवं असलेलं काहीतरी केलं होतं, निदान अर्धं. त्याला हसू आलं आणि लगेच हुंदका आला. सिप्रियनने त्याला पाणी दिलं. "जयराम असता तर..." तो म्हणाला आणि पुढचं वाक्य त्याने का कोण जाणे गिळून टाकलं.

इकडे दुसऱ्या टोकाला भागूआत्याने टोपली उघडली.

तिचा हिशेब सरळ होता. अर्धं काम झालं, तर अर्धं बघायला जयराम आलाच पाहिजे. तिने रात्री जागून वडे, खीर आणि भात केला होता. पान मांडायला स्वच्छ जागा हवी. सगळ्या किनाऱ्यावर सगळ्यांत स्वच्छ, सपाट आणि कोणी न तुडवलेली जागा म्हणजे दोन लाल झेंड्यांमधली. दोरी उचलून ती आत गेली, पान मांडलं, हात जोडले आणि म्हणाली, "ये रं जयराम. पोरगा येतोय बघ."

एक कावळा आला. भागूआत्याला भरून आलं. मग दुसरा आला, मग दहा आले. बोंबिलांना कंटाळलेल्या कावळ्यांनी उडदाचे वडे बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते. हां हां म्हणता पट्टा काळा झाला.

हर्षवर्धन शिट्टी फुंकत धावला. "हुश्श! हट्! हट्!"

"खबरदार!" भागूआत्या कमरेवर हात ठेवून आडवी आली. "दगड उचललास तर हात तोडीन! माझा भाऊ हाय त्यात!"

"कोणता, आजी?"

"ते मी कसं सांगू? जेवताना चेहरा कुठं दिसतो?"

हर्षवर्धनने चाळीस पानांचा नियमसंग्रह पाठ केला होता. त्यात हे कुठेही नव्हतं. त्याने यंत्र तोंडाशी धरलं. "ट्रॅकवर अडथळा आहे. थांबा."

"कसला अडथळा?" पलीकडून सिप्रियन म्हणाला.

हर्षवर्धनने भागूआत्याकडे पाहिलं, कावळ्यांकडे पाहिलं. "नातेवाईक," तो म्हणाला.

वेळ चालला होता. ज्ञानदाने आत्याला ओढून पाहिलं, गोड बोलून पाहिलं. वडे थोडे लांब नेऊन टाकू म्हटलं, तर भरल्या ताटावरून कोणाला उठवत नाहीत, असं उत्तर आलं. तिकडे भरतीची पहिली लाट पुळणीच्या कडेला चाटून गेली. तास संपायला आला होता.

"हॉर्न नाही, पण सायलेन्सरही नाही," सिप्रियन संकेतला म्हणाला. "एवढा आवाज ऐकून उडतील सगळे. जा!"

संकेत या वेळी आपण होऊन आडवा झाला. त्याने मूठ पिळली. वारा समोरून तोंडावर येत होता आणि तरीही गाडी पळत होती. या वेळी त्याने डोळे उघडे ठेवले होते. पहिला झेंडा दिसला. त्याच्यापुढे काळा पट्टा दिसला.

पण अर्नाळ्याचे कावळे होड्यांच्या इंजिनांच्या घरघरीत लहानाचे मोठे झालेले. आवाजाने ते उडत नाहीत. शेवटच्या क्षणी बरेचसे बाजूला झाले, काही उडाले. बरोबर मधे, पानाशी, एक कावळा तसाच उभा राहिला. चोचीत वडा. मान किंचित वाकडी. त्याने संकेतकडे पाहिलं. जत्रेतल्या लाकडी घोड्यावरून उतरवताना वडिलांनी पाहिलं होतं, तसंच.

वडिलांच्या इच्छेसाठी वडिलांच्या अंगावरून गाडी न्यायची का, हा प्रश्न फार थोड्या लोकांना पडला असेल, आणि त्याचं उत्तर द्यायला इतका कमी वेळ तर कोणालाच मिळाला नसेल. संकेतची मूठ सुटली. त्याने ब्रेक दाबला. मासा आडवा झाला, घसरला, दुसऱ्या झेंड्याला घेऊन पार पलीकडे गेला आणि पाण्याच्या कडेला जाऊन थांबला.

भागूआत्या धावत सुटली. "वाचला गं बाई, वाचला!"

"आत्या, मी इकडे आहे," संकेत वाळूतून म्हणाला.

"तू बी वाचलास का? बरं झालं." ती उडून गेलेल्या कावळ्याला हात जोडून मग त्याच्याकडे आली.

मनगट मोडलं होतं आणि एका बाजूची कातडी खरवडून निघाली होती. ड्रायव्हरने त्याला स्ट्रेचरवर घेतलं. ज्ञानदा रडत त्याला शिव्या देत होती. हर्षवर्धन टोपी हातात धरून आला. "सर, नियमाप्रमाणे आडवं जाऊन का होईना तुम्ही रेषा ओलांडलीत," तो म्हणाला. "ताशी एकोणसाठ. सरासरी साडेसत्त्याऐंशी. सॉरी सर. आता भरती आली. पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी?" भागूआत्याने कपाळावर हात मारला. "म्हंजे वर्षभर माझा जयराम लटकलेलाच?"

संकेतने डोळे मिटले. मनगटापेक्षा ते जास्त दुखत होतं. एकदा त्यांच्यासाठी एक गोष्ट करायची होती आणि तीही अर्ध्यावर टाकली. "बाबा असते तर त्यांनी ब्रेक दाबला नसता," तो म्हणाला.

तेव्हा मनोरमाबाई खुर्चीवरून उठल्या. दुखऱ्या पायाने सावकाश चालत त्या रुग्णवाहिकेपाशी आल्या.

"त्यांनी ब्रेक कशाला दाबला असता?" त्या म्हणाल्या. "ते गाडीत बसलेच नसते."

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. सिप्रियन मात्र आपल्या चपलांकडे बघू लागला.

"सांगा ना सिप्रियनभाऊ. का मी सांगू?"

"वहिनी, जाऊ दे ना आता..."

"दर वर्षी मे महिना आला की ह्यांना रात्री झोप लागायची नाही," मनोरमाबाई संकेतला म्हणाल्या. "घाम फुटायचा. आणि मंडळाचे लोक यायच्या आधी एक दिवस शेडमध्ये जाऊन हे स्वतःच्या हाताने गाडीतलं काहीतरी खोलून ठेवायचे. सकाळी म्हणायचे, 'अरेरे, बघ गं, काहीतरी निघालं.' मी म्हणायची, 'अरेरे.' इतकी वर्षं अरेरे म्हटलं मी."

"मला तो शेवटपर्यंत म्हणायचा, कोणाला बोलू नको," सिप्रियन पुटपुटला. "ती गाडी चालू करून तो फाटकापर्यंत एकदा गेला होता. परत ढकलत आणली."

भागूआत्या खाली वाळूवर बसली. "मग तो कावळा का शिवला गं?"

"भूक लागली असेल त्याला, वन्सं."

संकेत स्ट्रेचरवर पडल्या पडल्या आभाळाकडे बघत होता. भरतीचं पाणी रुग्णवाहिकेच्या चाकांपाशी आलं होतं. ड्रायव्हर घाई करत होता. संकेतचा चेहरा हळूहळू सैल झाला. कित्येक महिन्यांनी त्याला खरी भूक लागली.

"पण शब्द तर दिलाय मी," तो म्हणाला. "रेकॉर्ड करीन म्हणून. तो आत्या मोडू देणार नाही."

"मोडायचा कशाला?" मनोरमाबाई म्हणाल्या. "दर वर्षी नाव द्यायचं."

संकेतने मान वळवून सिप्रियनकडे पाहिलं. "काका, पुढच्या वर्षी आधी काय खोलून ठेवायचं?"

सिप्रियन विचारात पडला. उत्तर मनोरमाबाईंनी दिलं. नवरा गेल्यापासून त्या पहिल्यांदाच हसत होत्या.

"मागचं चाक काढ," त्या म्हणाल्या. "त्यात दोन वर्षं आरामात जातात."